कोणाची, कोणाविषयी

चौकटबाईंचं खरं नाव संस्थेत फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना चौकटबाईच म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि बाईंनाही त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. वृद्धांची देखभाल करणारी चार मजली संस्था, दोनशे दहा म्हातारी माणसं, त्यांना सांभाळणाऱ्या नव्वद मावश्या आणि सिस्टर. हे सगळं संगणकाला समजेल अशा रीतीने मांडून द्यायचं. इथे काय काय आहे, कोणाला कोणते गुण आहेत, कोण कोणाशी कसं जोडलेलं आहे. तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत एक अख्खी भिंत कागदाने मढवलेली होती आणि त्यावर चौकटीच चौकटी. खोलीची चौकट, औषधाची चौकट, माणसाची चौकट. गुण चौकटीच्या आत. खोलीची लांबी-रुंदी खोलीच्या चौकटीत, आजोबांचं वजन आजोबांच्या चौकटीत.

"गुण म्हणजे कोणाचा तरी," असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या. "बेवारस गुण माझ्या भिंतीवर चालायचा नाही. दोन मालकांचा तर मुळीच नाही."

नियम सुटसुटीत होता. सुटसुटीत नियम सोयीचा असला की माणसाला तो खराही वाटायला लागतो. बाई वीस वर्षं या कामात होत्या, त्यांना तो खराच वाटत होता.

तर झालं काय, बाईंची आई त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती, सतरा नंबरच्या खोलीत. वय एक्याऐंशी. आधी तारखा विसरली, मग वस्तू, मग माणसं. बाई रोज दुपारी दीड वाजता जेवणाच्या सुट्टीत वर जायच्या. पलंगाशेजारी उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आई, ओळखलंस? मी कोण, सांग बरं." आई त्यांच्याकडे अदबीने बघायची, चुकून दुसऱ्याच घरात आलेल्या पाहुण्याकडे बघतात तशी. "बसा ना," म्हणायची. मग पाचेक मिनिटं दोघी बसायच्या. बाई पुन्हा विचारायच्या, आई पुन्हा "बसा" म्हणायची. आणि बाई खाली येऊन आणखी एक चौकट आखायच्या.

हेही त्यांनी गिळलं होतं. आईला कोणीच आठवत नाही, मग मी तरी कशी आठवेन, असं स्वतःला समजावून त्या गप्प होत्या. पण एके दिवशी एक बैठक रद्द झाली आणि बाई कधी नव्हे त्या पाच वाजता वर गेल्या.

सतराचं दार अर्धवट उघडं होतं. आत तिसऱ्या मजल्याची मावशी पलंगावर मांडी घालून बसली होती, मधे मऊ भाताची ताटली. पंचेचाळिशीची बाई, केस अर्धे पांढरे, आवाज असा की जिन्यात ऐकू यावा. आई तिला भरवत होती. म्हणजे एक घास मावशीला आणि एक स्वतःला. दुपारी दोन चमच्यांच्या वर न जेवणारी आई चाटूनपुसून जेवत होती. आणि जेवता जेवता मावशीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "हळू खा गं टिटवे. आधी गिळ, मग बोल."

चौकटबाई दारातच थिजल्या.

टिटवी म्हणजे त्या. लहानपणी शाळेतून आल्या की चपला उडवून, दप्तर टाकून जी बडबड सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. म्हणून टिटवी. हे नाव आईशिवाय कोणी घेतलं नव्हतं. वडील फार लवकर गेले, भावंड नव्हतं. सगळ्या जगात एका माणसाच्या तोंडी असलेलं नाव, आणि ते आईने लहान झालेला फ्रॉक देऊन टाकावा तसं या मावशीला देऊन टाकलं होतं.

बाई आत गेल्या नाहीत. जिन्याने खाली आल्या, लिफ्टचंही सुचलं नाही. आतून नुसता जळफळाट होत होता. कानामागून आली आणि तिखट झाली, हे त्या जन्मभर दुसऱ्यांबद्दल बोलत आल्या होत्या. आज त्या म्हणीचा चटका स्वतःला बसला. बावन्न वर्षांची लेक मी. औषधांचे कागद मी भरते, कपड्यांवर नाव मी शिवते, दुपारची सुट्टी मी घालवते. आणि केसांवर हात कोणाच्या, तर हिच्या. त्यांना मावशीचा राग आला, आईचा आला, आणि खरं सांगायचं तर आईचा जास्त आला. पण आईवर रागावून करणार काय. राग शेवटी मावशीवरच ठेवावा लागला.

त्या दिवसापासून बाई दीडला वर जाईनात. काम फार आहे म्हणाल्या.

त्याच महिन्यात मास्तरांनी एक चिठ्ठी दिली. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. आठवड्यातून दोनदा यायचे, भिंतीसमोर खुर्ची टाकायचे आणि बाईंच्या मांडणीत कुठे विसंगती आहे का ते शोधायचे. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'उंची माणसात असते आणि तिला दुसऱ्या कोणाची गरज नसते. विश्वास, ओढ, धाक हेही माणसातच असतात, पण दुसऱ्या कोणावर तरी टेकलेले असतात. तो दुसरा काढला की त्यांना अर्थ उरत नाही. त्यांना वेगळी चौकट द्यावी. तिला दोन टोकं: कोणाची, कोणाविषयी.'

"याची काही गरज नाही मास्तर," बाई म्हणाल्या. "मावशी प्रेमळ आहे की नाही, एवढं तिच्या चौकटीत लिहिलं की झालं."

"प्रेमळ कोणाशी?"

"कोणाशी म्हणजे? सगळ्यांशी."

"असं एक तरी माणूस दाखवा, मी भिंतीला नमस्कार करतो," मास्तर म्हणाले. मग खुर्ची बाईंकडे वळवून म्हणाले, "बाई, मी एकतीस वर्षं नवरा होतो. हा गुण माझ्या अंगात कुठे होता? डॉक्टरने तपासलं असतं तरी सापडला नसता. ती गेली त्या सकाळी माझी उंची तेवढीच, वजन तेवढंच, चष्म्याचा नंबर तोच. तुमच्या या चौकटीत खाडाखोड करण्यासारखं काही झालंच नव्हतं. आणि तरी मी नवरा राहिलो नव्हतो."

"हे भावनेचं झालं."

"तर्काचंच आहे. भावनेचं असतं तर तुम्हाला कशाला सांगितलं असतं?"

बाईंना कळलं नाही असं नाही. वीस वर्षांच्या अनुभवाच्या बाई, त्यांना पहिल्या दोन ओळींतच सगळं कळलं. आणि त्याच्या पुढचंही कळलं. ही नवी चौकट भिंतीवर आली की सतरा नंबरची नोंद करावी लागणार. ओढ. कोणाची: आईची. कोणाविषयी: त्या मावशीविषयी. तेही यांच्याच हाताने, यांच्याच शाईने. बाईंनी चिठ्ठीवर लाल पेनाने 'अनावश्यक' असं लिहिलं आणि ती खणात टाकली.

पुढच्या आठवड्यात संगणकाने पहिल्यांदा कामाच्या पाळ्या लावल्या. प्रत्येक मावशीच्या चौकटीत मजल्याच्या प्रमुखांनी दिलेले गुण होते, दहापैकी. या मावशीचे असे: वेळ पाळणे तीन, टापटीप पाच, धीर चार, बोलण्यातली नम्रता दोन. संगणकाने सरळ हिशोब केला. मावशीला पहिल्या मजल्यावर चादरींच्या खोलीत टाकलं आणि सतरा नंबरला जिला सगळीकडे नऊ होते ती सिस्टर दिली. ती चोवीस तास हसरी. झोपेतही हसत असावी.

बाईंनी यादी वाचली. यादी थांबवणं त्यांच्या हातात होतं, एक बटण दाबायचं होतं. नाही दाबलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनाशी म्हणाल्या. आता सुंठ कोणी उगाळली होती ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण माणूस स्वतःशी इतकं खरं कुठे बोलतं.

पहिल्या दिवशी आई अर्धंमुर्धं जेवली. दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी नुसतं पाणी. हसऱ्या सिस्टरने गोंजारलं, गाणी म्हटली, भात बदलला, सूप आणलं, केळं कुस्करलं. आई दाराकडे बघत बसायची आणि साडेपाच वाजले की भिंतीकडे तोंड करून झोपायची. खाली बाईंच्या संगणकावर आईच्या चौकटीत आकडा उमटत होता. वजन एकेचाळीस. मग चाळीस. मग एकोणचाळीस. सिस्टरच्या चौकटीत सगळे नऊच्या नऊ. दोन्ही चौकटींत कुठेही चूक नव्हती आणि म्हातारी उपाशी होती.

गुरुवारी डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.

शुक्रवारी पाचला बाई स्वतः ताटली घेऊन गेल्या. मनात एक लबाड आशा होती, खोटं कशाला बोला. मावशी नाही, सिस्टर नाही, आता माझ्याच हातून जेवेल. त्यांनी घास पुढे केला.

"ठेवा तिथे," आई म्हणाली. "टिटवी शाळेतून यायची आहे. ती आली की जेवेन."

"आई, मीच टिटवी. बघ ना माझ्याकडे. ओळख बरं, मी कोण?"

आईने बघितलं. मग हसली, पण ओठ थरथरत होते. "म्हातारीची चेष्टा करता होय? आमची टिटवी एवढीशी आहे," असं म्हणून तिने पलंगाच्या कडेइतका हात धरून दाखवला आणि दाराकडे तोंड फिरवलं.

बाई ताटली घेऊन बाहेर आल्या. तेवढ्यातही त्यांच्या मनात आलं ते हेच, की मी म्हणजे चेष्टा, आणि ती पंचेचाळिशीची मावशी तेवढी एवढीशी होय? असा हा हेवा. आई उपाशी मरते आहे आणि हिचं आपलं माप काढणं चालूच.

पण जिन्यात त्या मधेच थांबल्या. त्या पायरीवर बसल्या. ताटली मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. सोमवारला तीन दिवस होते.

मग खाली जाऊन त्यांनी खण उघडला. मास्तरांची चिठ्ठी काढली, 'अनावश्यक'वर काट मारली आणि भिंतीवर नवी चौकट आखली, दोन टोकांची. पहिली नोंद लिहिली. ओढ. कोणाची: इथे आईचं नाव. कोणाविषयी: इथे पेन थांबलं. मग दात-ओठ खाऊन मावशीचं नाव लिहिलं. कडू औषधसुद्धा यापेक्षा सुखाने प्यायल्या असत्या.

संस्थेचा एक रिवाज होता. कागदावर ज्या कर्मचाऱ्याचं नाव, त्याने वाचून सही केल्याशिवाय नोंद पक्की होत नसे. शनिवारी सकाळी बाई कागद घेऊन पहिल्या मजल्यावर गेल्या. मावशी चादरींच्या घड्या घालत होती. पाहून उठली नाही. बोलण्यातली नम्रता दोन, ते काही उगाच नव्हतं.

"तुमची बदली मी होऊ दिली," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "थांबवता आली असती. मुद्दाम नाही थांबवली."

"ठाऊक आहे. कोणी शिकवल्याशिवाय संगणक माझ्यावर कशाला उठेल?" मावशीने घडी आपटून बसवली. "आजी जेवतात का?"

"नाही."

मावशीचे हात थांबले. बाईंनी कागद पुढे केला. मावशीने पदराने नाही, तर चादरीच्याच टोकाने हात पुसले, कागद दूर धरून दोनदा वाचला आणि परत दिला.

"सही नाही करायची मी. खोटं आहे हे."

"काय खोटं आहे?"

"ही ओढ माझ्याविषयी नाही, ताई. माझं नाव काढा तिथून." तिने एक चादर बाजूला केली, म्हणजे बाईंनी बसावं. "पहिल्या आठवड्यात मी माझंच नाव सांगत होते. आजी, मी मावशी, जेवा. तोंड मिटून बसायच्या. पाच वाजले की नजर दाराकडे. टिटवी आली का शाळेतून? सहा दिवस 'येईल हं' म्हणून बघितलं. सातव्या दिवशी वैतागले. बाहेर गेले, दार ढकलून आत आले, चपला कोपऱ्यात उडवल्या आणि म्हटलं, आई, भूक. बास. त्या दिवशी जेवल्या. चौदा महिने झाले, रोज पाचला मी शाळेतून येते."

बाई चादरींवर बसल्या.

"आणि तिने मानलं? एवढी मोठी कशी, असं नाही विचारलं?"

"मी त्यांना काही विचारत नाही, त्या मला काही विचारत नाहीत. राग येऊ देऊ नका, पण तुम्ही आत शिरता त्या परीक्षा घ्यायलाच. ओळख, मी कोण. माणूस घाबरतं हो. चुकायला नको म्हणून 'बसा' म्हणतं."

बाईंना बोलता येईना. टिटवीची पहिलीच वेळ असावी.

"टिटवी म्हणजे तुम्हीच, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं," मावशी म्हणाली. "तुम्ही खाली फोनवर अखंड बडबडता ते वर ऐकू येतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

मावशीने नवी चादर घेतली, झटकली आणि घडी चुकवली. पुन्हा उलगडली. "कारण मला राग होता तुमचा. चौदा महिन्यांत आजींनी माझं नाव एकदाही विचारलं नाही. केसांवरून हात फिरवतात ना, तो तुमच्या केसांवरून फिरवतात. माझ्या आईने माझ्या केसांवरून कधी हात फिरवला नाही, तिला तेवढी उसंतच नव्हती. मला काय वाटत असेल तेव्हा? दीडला तुम्ही घड्याळ बघत यायचात, आणि इकडे मी तुमच्या नावाची माया घेत बसायचे. उसनी."

"तुम्हाला माझा हेवा वाटत होता?"

"मग कोणाचा वाटणार?"

दोघी काही वेळ घड्या घालत राहिल्या. बाईंना नीट जमत नव्हत्या. मावशीने त्या उलगडून पुन्हा घातल्या.

मग बाईंनी कागद गुडघ्यावर घेतला. 'कोणाविषयी'च्या पुढचं मावशीचं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं. लिहिताना डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती. त्याखाली, दोन टोकांच्या चौकटीत बसत नव्हती ती तिसरी ओळ आखली: 'कोणाच्या हातून'. तिथे मावशीचं नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण. मावशीने वाचलं आणि सही केली. मास्तरांनी नंतर त्या तिसऱ्या ओळीवरून दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी ती बरोबर आहे असं कबूल केलं, पण ते पुढचं.

संस्थेच्या प्रमुख बाईंनी दुपारीच बदली रद्द केली.

पावणेपाचला चौकटबाई सतरा नंबरमध्ये गेल्या. आज काही विचारलं नाही. "बसू का?" एवढंच म्हणाल्या.

"बसा ना," आई म्हणाली. आवाज पार खोल गेला होता. "आमची टिटवी येईल एवढ्यात. तोंडाची टकळी बंद नसते तिची. पण हुशार आहे हो. सगळं डब्यांत घालून ठेवते. बटणं वेगळी, मणी वेगळे. सगळ्याला आपापला डबा. एवढीशी आहे, पण तिचं बघून मला मजा वाटते."

"हो का?" बाई म्हणाल्या.

पाच वाजले. दार ढकललं गेलं. एक चप्पल कोपऱ्यात गेली, दुसरी पलंगाखाली. "आई, भूक!"

आईचा चेहरा उजळला. तो चेहरा लहानपणी बाईंनी रोज बघितला होता आणि दप्तर टाकण्याच्या घाईत कधी नीट बघितला नव्हता. आज बाजूच्या खुर्चीवरून त्यांना तो पूर्ण दिसला, आणि पुन्हा तोच जळफळाट झाला. आता तो हेवा मावशीचा नव्हता. त्या आठ वर्षांच्या, पायांत चपला नसलेल्या कार्टीचा होता, जिला हे सगळं फुकट मिळत होतं आणि जिला त्याचा पत्ताही नव्हता.

मावशीने मांडी घातली. एक घास टिटवीला, एक आईला. आई पाच दिवसांनी जेवत होती, हळूहळू, चावून. चारेक घासांनंतर तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं. तिने मावशीच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "टिटवे, या बाईंनाही दे गं एक घास. घरी वाट बघणारं कोणी नसेल बिचारीची."

मावशीने चौकटबाईंकडे बघितलं. मग ताटलीतला एक घास नीट वळला आणि हात लांब करून त्यांच्यापुढे धरला. बाईंनी तोंड उघडलं. भात गार झाला होता आणि मीठही बेताचंच होतं.

"आवडला?" आईने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. आणि दुसऱ्या घासासाठी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.